कापणार कोण?

गुप्तेकाका बोटीचं इंजिन सुरू करण्याआधी एकच प्रश्न विचारायचे, "कापणार कोण?" मी "मी" म्हटल्याशिवाय बोट धक्क्यावरून हलत नसे. तेही पुटपुटून चालायचं नाही. "ऐकू नाही आलं," म्हणायचे. मी ओरडले की लाल दोरीत ओवलेली तार कापायची पक्कड माझ्या गळ्यात घालायचे. "घे, तुझं शनिवारपुरतं मंगळसूत्र." मला हसू येत नसे. मला पोहता येत नव्हतं, नागपुरात माझा पाण्याशी संबंध कूलर भरण्यापुरताच आलेला.

मग जात का होते? शीलाकाकूंमुळे. अमेरिकेत, बेलव्ह्यूला आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा दुसऱ्याच दिवशी काकूंनी वालाचं बिरडं पाठवलं, आणि मग वर्षभर पाठवत राहिल्या. एकदा दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मेघा, हे तळ्यावर एकटे जातात गं. बरोबर कुणी असलं की मला घरी श्वास घेता येतो. जाशील?" खाल्ल्या मिठाला जागावं म्हणून मी हो म्हटलं.

काका मूळचे ठाण्याचे, व्हॉल्व्हच्या कारखान्यातून इंजिनिअर म्हणून रिटायर झालेले. घरातली कुठलीही वस्तू टाकायला त्यांचा जीव धजायचा नाही. भेटवस्तूंच्या रिबिनी, रबरबँड, ब्रेडच्या पिशव्यांच्या क्लिपा, सगळ्यांना खण होता. सुतळीची गाठ कुणी कात्रीने कापली तर ते खरंच दुखावले जायचे. "कापणारे पैशाला पासरी मिळतात, सोडवणारा लागतो," असं म्हणत तासभर नखांनी गाठ सोडवत बसायचे. बोटीत मात्र नियम नेमका उलटा. "इथे सोडवायचं नाही. कापायचं."

ते ज्याच्या मागे होते त्या माशाचं नाव टायगर मस्की. अंगावर वाघासारखे पट्टे, हातभराहून लांब धूड आणि करवतीसारखे दात. त्याला पकडायचं, एक फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचं. "सीकेपी असून मासा सोडून देता?" अशी तिथल्या महाराष्ट्र मंडळात त्यांची चेष्टा चाले. "खायला पापलेट आहे की फ्रीझरमध्ये," काका म्हणत. "याच्याशी आपलं वेगळं आहे."

उन्हाळा चढला की हा मासा खोल उतरतो. आमचं तळं धरणाचं होतं, आणि तळाशी बुडालेलं जंगल होतं. त्या जुन्या खोडांच्या आसपास तो दबा धरून असतो. तिथवर पोचायला काकांनी बोटीच्या मागच्या कडेला एक चरखी बसवली होती. तिच्यावर पोलादी तार, तारेच्या टोकाला शिशाचा जड गोळा. गोळा पंचवीस-तीस फूट खाली सोडायचा, त्याच्या जोरावर गळाची दोरी आणि नकली मासा तेवढ्याच खोलीवर राहतो. गोळा खाली अडकलाच तर तार लगेच कापायची, त्यासाठी ती पक्कड. मग माणसाच्या चालीने बोट हाकत त्याच त्या वाटेने तासन्‌तास फेऱ्या. "त्याला भूक नसते गं. आपण त्याच्या दारावरून शंभरदा जायचं. कधीतरी वैतागून बाहेर येतोच."

त्या फेऱ्यांत मी बोटीतल्या, पाण्याखालचं दाखवणाऱ्या स्क्रीनवर तळाची खोडं उगवताना बघायची आणि माझे तळवे ओले व्हायचे. काका धीर वगैरे देत नसत. "भीती वाटतेय ना? छान. ज्याला वाटत नाही त्याला मी बोटीत घेत नाही," म्हणायचे आणि माझ्या लाइफ जॅकेटचे पट्टे तिसऱ्यांदा तपासायला मलाच सांगायचे. गळ मीच बांधायचा, चरखी मीच फिरवायची. ते डाव्या हाताने बोट हाकायचे आणि उजवा हात जॅकेटच्या खिशात ठेवायचे. मला वाटायचं, शिकवताहेत.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी दुपारी मागून वारा सुटला. आम्ही परतायच्या बेतात होतो, इतक्यात बोट खाडकन थांबली. खाली गोळा खोडात अडकला होता. वारा बोटीला पुढे ढकलत होता आणि तार तिला मागून धरून होती. मागची कड खाली दबली आणि पहिली लाट आत आली.

"काप!" काका ओरडले.

मी नाही कापली. आजही हे लिहिताना मला लाज वाटते. पक्कड गळ्यात होती, पण माझ्या मनात आलं, चांगली तार आहे, जरा ढील दिली तर सुटेल. ज्या घरात प्लॅस्टिकच्या पिशव्या धुऊन वाळत घालतात त्या घरातली मी. मी चरखी उलटी फिरवत बसले. तार संपली, पुन्हा ताणली गेली आणि दुसरी लाट माझ्या मांडीवर आदळली. पाणी इतकं गार होतं की मला ओरडताही येईना.

"मेघा, सोडवू नकोस! काप!" काका इंजिन सोडून माझ्याकडे सरपटत आले. माझ्या गळ्यातली पक्कड त्यांनी उजव्या हातात धरली आणि तारेवर लावायला गेले. ती लागेना. हात एवढा थरथरत होता की पक्कड माझ्या हनुवटीवर आपटत होती. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. इतका घाबरलेला म्हातारा माणूस मी कधी पाहिला नव्हता. तिसरी लाट आली. मी त्यांच्या हातावर माझे दोन्ही हात ठेवले आणि असेल नसेल तेवढ्या जोराने दाबले. तार तुटली आणि बोट उसळून वर आली.

पोह्यांचा डबा पाण्यात रिकामा करून मी त्या डब्याने पाणी उपसलं. बोट कशीबशी किनाऱ्याला लागली.

गाडीत हीटर लावून बसल्यावर काका म्हणाले, "वर्ष झालं. हात ऐकत नाही माझा. डॉक्टरकडे जाऊन आलो. शीलाला नाही सांगितलं. तिला कळलं असतं तर बोट बंद."

"म्हणून दर वेळी विचारायचात, कापणार कोण?"

"हो."

"काका, मला पोहता येत नाही हे तुम्हाला माहीत होतं ना?" माझे दात वाजत होते, भीतीने की रागाने ते मलाच कळेना. "आज काकूंना सांगा. नाहीतर मी सांगीन."

घरी काकूंनी आमचे भिजलेले कपडे पाहिले आणि काही न विचारता चहा ठेवला. काका टेबलाशी बसले. त्यांनी उजवा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. कपाची बशी खुळखुळायला लागली.

काकूंनी त्या हाताकडे नुसतं पाहिलं. "मला ठाऊक आहे हो," त्या म्हणाल्या. "शर्टाची बटणं कोण लावतंय असं वाटतं तुम्हाला? म्हणून तर हिला पाठवत होते."

दोघं एकमेकांकडे बघत होते. मी दोघांकडे बघत होते. बोटीत मी कोण होते हे मला तेव्हा कळलं. त्यांचा उजवा हात. आणि ते मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. मी चहा न घेता उठले. तीन आठवडे मी त्यांच्या दारात गेले नाही. बिरडं आलं तेही तसंच परत पाठवलं.

चौथ्या आठवड्यात काकांनी बोट विकली. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले. म्हणाले, "माफी मागायला नाही आलो, ती पुरणार नाही. पोहायला शिक. मी येऊन बसेन."

ते खरंच येऊन बसायचे. कम्युनिटी सेंटरच्या तलावापाशी बाकावर, दर शनिवारी, दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवून. उजवा थरथरत असायचा, आता ते तो लपवत नसत. यंदाच्या मार्चमध्ये काका गेले. त्याच्या आदल्याच शनिवारी मी पहिल्यांदा खोल बाजूला उतरले होते. दोन्ही हातांनी कठडा घट्ट धरून लटकले होते आणि खाली पाय टेकत नव्हते.

"भीती वाटतेय?" काकांनी बाकावरून विचारलं.

"खूप."

"ऐकू नाही आलं."

"खूप!" मी ओरडले.

"छान. आता सोड," काका म्हणाले.