पुराव्यातली प्लेट

तीन स्टीलची ताटं. एक कागदी प्लेट. कागदी माझी.

अमेरिकेत, अल्फारेटातल्या त्या घरात मी बेसमेंटला राहायचो. वर काका, काकू (नात्यातले नव्हेत, नुसतं म्हणायला) आणि कॉलेजात जाणारी त्यांची मुलगी. जेवण एकाच टेबलावर. काकू हसून म्हणायच्या, "तुला घासायला नको, बरं का!" घरात डिशवॉशर होता. ताटं कुणीच घासत नव्हतं. मुलीने एकदा विचारलं, "मॉम, व्हाय डझ ही ऑल्वेज गेट पेपर?" काकू आमटी वाढत राहिल्या. मी मान खाली घालून जेवलो. ती मान आठवली की आजही स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

आणि मी पळून आलो होतो कशापासून? गावात ग्रामपंचायतीला उभा राहिलो, म्हणून वरच्या आळीतल्यांनी माझा हात दोन ठिकाणी मोडला. पोलिसांनी तक्रार घेतली नाही. इथे येऊन आश्रय मागितला. काकांनी कोर्टासाठी पत्र दिलं: "हा आमच्यात घरच्यासारखा जेवतो. आपल्या लोकांत आता जात राहिलेली नाही." मी त्यांच्या पाया पडलो.

सुनावणीत सरकारी वकिलाने तेच पत्र माझ्यावर उलटवलं.

"तुम्ही वरच्या जातीच्या कुटुंबात रोज जेवता. खरं?"

"हो."

प्लेटचं सांगायची लाज वाटली. खाल्ल्या मिठाला जागलो. न्यायाधीशाने निकालात लिहिलं, अर्जदार विश्वासार्ह नाही. माझा मोडलेला हात खोटा. काकूंची आमटी खरी.

वरच्या कोर्टात गेलो. तिथे नवं काही सांगता येत नाही, जुनेच कागद तपासतात. दोन वर्षं गेली. हाताचा एक्स-रे फायलीतच होता. खालच्या न्यायाधीशाने त्याचा साधा उल्लेखही केला नव्हता. निकाल रद्द झाला. सुनावणी पुन्हा घ्या, म्हणाले.

माझ्या वकीलबाईंनी विचारलं, "काही सांगायचं राहिलंय?" मी प्लेट सांगितली. काकूंच्या नावाने समन्स निघालं.

ते त्यांच्या हातात पडलं त्या संध्याकाळी टेबलावर चार स्टीलची ताटं होती. काका म्हणाले, "अरे, आपल्यातलं आपल्यात मिटवू. इथल्या कम्युनिटीत आमचं नाव खराब होईल."

काकू म्हणाल्या, "मी कधी तुला जात विचारली का रे?"

"विचारायची गरजच पडली नाही, काकू."

ताट मागे सरकवलं. कपाटातल्या गठ्ठ्यातून माझी प्लेट मीच काढली. तिच्यावर भात घेतला, शेवटच्या शितापर्यंत जेवलो. प्लेट पुसली. फायलीत ठेवली. दुसऱ्या दिवशी घर सोडलं.

कृतघ्न म्हणतात मला. म्हणू देत. मला सूड हवाय आणि तो मी कोर्टातच घेणार.

तारीख लागेल. काकू उजवा हात वर करून शपथ घेतील. त्यांच्या मुलीलाही साक्षीला बोलावलंय. वकीलबाई प्लेट वर धरतील आणि विचारतील, ही कोणाची? मी समोर बसलेला असेन. उत्तर येईपर्यंत काकूंच्या तोंडावरची नजर हटवणार नाही.