मागितल्याशिवाय वाढणार नाही

माझी मुलगी फुटी खेळते. आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. इथला, लांबट चेंडूचा, पायाने मारायचा आणि हाताने झेलायचा. तोही गंमत म्हणून नाही, चांगला पगार घेऊन, मेलबर्नच्या एका क्लबकडून. आमच्या टार्निट उपनगरातल्या मराठी मंडळींना हे अजून पचलेलं नाही. "युनि सोडली का गं तिने?" असं मला सारखं कोणीतरी विचारतंच. नाही हो सोडली, शिक्षण आणि खेळ दोन्ही करते.

तिची जागा पुढे, गोलच्या बाजूला. अंगाला चिकटलेल्या समोरच्या टीमच्या पोरीला चकवून रिकाम्या जागेत धावायचं, मागून कोणीतरी बॉल मारणार, तो झेलायचा. पहिल्या सीझनला ती धावली खूप, पण बॉल काही तिच्याकडे येईना. मी बाउंड्रीला उभी राहून नुसती धुसफुसायची. नवीन आहे, सावळी आहे, म्हणून मुद्दाम देत नाहीत मेल्या, असं परतताना गाडीत नवऱ्याला ऐकवायची. तो बिचारा स्टिअरिंग धरून हं हं करायचा.

सीझन संपल्यावर कोचबाईंनी तिला बसवून व्हिडिओ दाखवले. घरी येऊन तिने तेच मला लॅपटॉपवर दाखवले. ही मैदानात मोकळी, आसपास चिटपाखरू नाही. हात जेमतेम खांद्याइतका वर, शाळेत 'बाई, पाणी प्यायला जाऊ?' विचारताना करतात तसा. तोंड बंद. बॉल गेला दुसरीकडे. पुढच्या व्हिडिओत तेच, त्याच्या पुढच्यातही तेच.

"शी सेज आय डोन्ट कॉल फॉर इट," ती म्हणाली. कोचबाईंचं म्हणणं असं की तू धावतेस छान, झेलतेस छान, पण मागत नाहीस. जिच्याकडे बॉल असतो तिला शोधाशोध करायला वेळ नसतो, ती आवाजाच्या दिशेने मारते. अजून एका सीझनचा करार आहे, आणि त्यात आवाज फुटला नाही तर पुढे जागा नाही. एवढं सांगून पोरीचे डोळे भरले. "आई, माझ्या तोंडातून येतच नाही गं."

येईल कसं? त्याचा पक्का बंदोबस्त मीच केला होता. ती लहान असताना एका मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला गेलो होतो. हिचा हात गुलाबजामकडे गेला, मी डोळे वटारले, हात जागच्या जागी परत. "नको काकू, पोट भरलंय." सगळ्या बायका म्हणाल्या, "अगं बाई, किती गुणी!" आणि मी तर हवेतच. काकूंनी अर्थातच "असं कसं, घे गं" म्हणत दोन वाढले. आपल्यात असंच चालतं. आपण नको म्हणायचं, त्यांनी आग्रह करायचा, आणि पोटात जायचं ते जातंच. मला यात आजही काही वावगं दिसत नाही. फक्त समोरचाही आपल्यातलाच लागतो. पुढे ती शाळेतल्या मैत्रिणीकडे खेळायला गेली आणि तिथेही नको म्हणाली. तिची आई "नो वरीज", म्हणजे इथलं 'काही हरकत नाही', म्हणून केकची प्लेट उचलून घेऊन गेली. पोरगी भुकेने रडत घरी आली. तेव्हा आम्ही नावं त्या बाईलाच ठेवली होती.

मी लॅपटॉप मिटला आणि जाहीर केलं, "आजपासून या घरात मागितल्याशिवाय काही वाढलं जाणार नाही."

त्या रात्री जेवायला बसलो. तिच्या पानात कोरडा भात. मी ओट्याकडे तोंड करून, वर एक्झॉस्ट फॅन घरघरतोय.

"आई, वरण..."

"ऐकू नाही आलं."

"वरण देतेस का?"

"कोण बोलतंय?"

"वरण! मला! इकडे दे, आत्ता!"

नवरा दचकला. "अगं, शेजारी पोलीस बोलावतील." पण वरण मिळालं. मग तूप, मग लिंबू, मग पापड. पहिले काही दिवस ती ओरडून झाल्यावर "सॉरी" म्हणायची. सॉरी म्हटलं की मी भांडं परत गॅसवर ठेवायची. हळूहळू सॉरी गेलं. एकदा आमची एक मैत्रीण जेवायला आली होती, तिच्यासमोर ही "आई, पोळी!" म्हणून गरजली. मैत्रीण माझ्या कानाशी लागली, "जरा उर्मट झालीय का गं?" मी म्हटलं, "उर्मट नाही, फॉरवर्ड आहे. तीच तिची पोझिशन."

दुसऱ्या सीझनच्या आधी सरावाचा सामना होता. वारा असा की डोळ्यांतून पाणी. ही मोकळी झाली, हात सरळ आभाळात, आणि आवाज थेट बाउंड्रीपर्यंत आला. बॉल मिळाला नाही. परत ओरडली. या वेळी बॉल आला, हातात बसला आणि सुटला. मी म्हटलं, संपलं, आता ही परत तोंड मिटणार. पण लगेच ती वळली, धावली आणि आधीपेक्षा मोठ्याने ओरडली. हा मात्र तिने डोक्यावरून झेलला, छातीशी घट्ट धरला. मी रडले, वाऱ्याचं निमित्त आयतंच होतं. पहिल्या मॅचच्या टीममध्ये तिचं नाव आलं.

त्याच आठवड्यात मी पोळ्या लाटत होते. पाठीमागून आवाज आला, खणखणीत.

"आई, मला वेगळं राहायचंय. क्लबजवळ, टीममधल्या दोघींबरोबर. रोजचा प्रवास झेपत नाही आता."

मी लाटतच राहिले.

"ऐकू आलं का?"

"आलं," मी म्हटलं. मीच शिकवलेलं, आता कुठे तोंड लपवू? "जा."

शनिवारी गाडी भरली. डबे, उशी, बूट. ड्रायव्हिंग सीटवर बसून तिने काच खाली केली. "आई, तुला काही हवंय?"

"नको गं, मला काय हवं असणार," मी म्हटलं, आणि तिच्या आग्रहाची वाट बघत उभी राहिले.

"ओके. नो वरीज," ती म्हणाली. गाडी मागे सरकायला लागली.

मी दोन पावलं पुढे गेले. "रविवारी ये जेवायला," घशातल्या घशात म्हणाले. गाडी थांबली. तिने कानामागे हात धरला.

"ऐकू नाही आलं!"

समोरचा शेजारी लॉन कापत होता, त्याने मशीन बंद करून वर बघितलं. बघू दे.

"रविवारी ये!" मी भर रस्त्यात ओरडले. "मला हवीयेस तू!"