योसेफाच्या अस्थी

शेजारच्या रूथबाई सकाळीच मोबाइल दाखवायला आल्या. मिसरच्या थडग्यात सापडलेली एक ममी म्हणजे बायबलमधला योसेफच, असं त्यात कुणीतरी ठासून सांगत होतं.

"खरं असेल?" मी विचारलं.

"नसू दे गं बाई! माझ्या अस्थी इथे ठेवू नका, अशी शपथच घातली होती त्यानं आपल्या लोकांना. मिसर सोडताना मोशेनं आणि त्या लोकांनी त्या बरोबर नेल्या, चाळीस वर्षं वाळवंटातून. हा योसेफ असेल, तर शब्द मोडला की!"

त्या गेल्या, पण मला एका जागी बसवेना. अस्थी घरात आणत नाहीत, म्हणून आईचा कलश अंगणातल्या चाफ्याला टांगलाय. माझ्या माहेरच्या नदीत सोड, म्हणाली होती ती. मी सारखी खिडकीशी जातेय.

त्या लोकांनी चाळीस वर्षं वाळवंटातून अस्थी वाहिल्या. मी थेट एसटी नाही म्हणून तीन महिने थांबलेय.