पाण्याची टाकी दिसेपर्यंत

आदल्या संध्याकाळी एका कारखानदाराला घेऊन मी बोईसरच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरवलं होतं. सकाळी परतायचं, तर हे धुकं. चहा पीत धुक्याला शिव्या घालत होते, तेवढ्यात हेलिकॉप्टर उभं आहे हे कळून एक रुग्णवाहिका थेट मैदानात शिरली.

आत सातपाटीच्या एका मच्छीमार बोटीचा तांडेल, बोट हाकणारा, होता. बंदरात बोट लावताना दोरात सापडून त्याचा उजवा हात मनगटापासून तुटला होता. वेळेत मुंबई गाठली तर जोडता येईल, असं सोबतचे डॉक्टर म्हणाले. तांडेलाची बायको तो तुटलेला हात ठेवलेली बर्फाची पेटी मांडीवर धरून बसली होती. मी तिच्याच आळीत वाढलेली.

"बाय, तू हायेस, मंग चिंता नाय," ती म्हणाली.

विमानतळावरून ढगात शिरता येतं, कारण तिथे डोंगर नि मनोरे मोजून वाट आखलेली असते. अमुक उंची येईपर्यंत सरळ जायचं, मगच वळायचं. बाहेरचं काही दिसलं नाही तरी यंत्रं बघत जाता येतं. या मैदानाला तशी वाट नव्हती. समोर कारखान्यांच्या चिमण्या, त्यांच्यामागे उच्च दाबाच्या तारा, आणि त्या मला डोळ्यांनीच चुकवायच्या होत्या. म्हणून माझी खूण ठरलेली होती: पलीकडची पाण्याची टाकी. ती स्पष्ट दिसली तरच उडायचं.

"आमची मानसं असल्या धुक्यात बोट काढतात," ती म्हणाली.

"बोट थांबवता येते, मावशी."

"तू घाबरतंस."

घाबरत होतेच. तारांना घाबरत होते, आणि तिच्या नजरेला त्याहून जास्त.

मध्येच धुकं विरळ झालं. टाकीची कड दिसली. मी धावत जाऊन इंजिन सुरू केलं. स्ट्रेचर दारापाशी आलं, आणि टाकी पुन्हा गेली. हात लिव्हरवर तसाच राहिला. इतक्या जवळ आल्यावर कोण थांबतं? उडावं, असं अगदी मनापासून वाटलं. मग मी इंजिन बंद केलं.

"माझ्यासाठी थांबू नका," मी डॉक्टरांना म्हटलं. "मनोरवरून हायवे धरा."

ती माझ्याकडे न बघता गाडीत चढली.

ते मनोरच्या पुढे गेले असतील, तेव्हा ऊन पडलं. टाकी, चिमण्या, तारासुद्धा लख्ख दिसायला लागल्या. मी तिथेच उभी राहून रडले.

हात जोडता आला नाही. डॉक्टरांनी फोनवर कारण सांगितलं. तुटलेला अवयव कोरड्या पिशवीत गुंडाळून मग बर्फावर ठेवायचा असतो. तिने घाईत तो पापलेटासारखा थेट बर्फात पुरला होता. मैदानात येण्याआधी बोईसरच्या दवाखान्यात पेटी उघडली तेव्हाच तो गोठून पांढरा पडला होता. तरी त्यांना प्रयत्न करून बघायचा होता. "तिला आम्ही काही बोललो नाही," ते म्हणाले.

पुढे पालघरच्या मासळी बाजारात ती भेटली. नवरा मागे बसून डाव्या हाताने टोपल्या सारत होता.

"त्या दिशी तू उडली असतीस तं याचा हात वाचला असता," ती म्हणाली.

खरं कारण माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. मी तिच्या हातांकडे पाहिलं.

"हो मावशी," मी म्हटलं. "वाचला असता."

तिने माझ्या पिशवीत दोन पापलेटं घातली, आणि ती घरापर्यंत टिकावीत म्हणून वर मूठभर बर्फ घातला.