पाचवा सुरुंग

दिवाळीत शेजारच्या सुतळी बॉम्बचा धूर खिडकीतून आत आला, की मी अजूनही आवाज मोजत बसतो. का, ते आजवर कुणाला सांगितलं नाही.

परतूरजवळ आम्ही विहीर खोदत होतो. पाच सुरुंग पेटवून सगळे बाभळीमागं बसलो. आवाज मोजायचं काम माझं, पण मी गप्पांत रंगलो. मुकादम गणपतमामांनी विचारलं, "किसन, बराबर पाच बार उडाले ना?"

"व्हय मामा, बिलकुल पाच."

खरं तर तिसऱ्यानंतर मी मोजलेच नव्हते.

सुरुंगानंतर विहिरीत आधी मामाच उतरायचे. "तुमची लग्नं व्हायचीत, माझं उरकलंय," म्हणून हसायचे. त्या दिवशी ते खालून ओरडले, "मागं सरा! एक वात जळून राह्यली!" त्यांचा दोर माझ्या हातात होता. तो टाकून मी पळालो.

मामांचे डोळे गेले. दवाखान्यात ते विहिरीच्या मालकाला म्हणाले, "मोजायला मीच चुकलो." तेव्हा वाटलं, मामांनी मला वाचवलं. आता वाटतं, ते माझ्या बोलण्याची वाट बघत होते. कारण मालक गेल्यावर पट्टी बांधलेला चेहरा वळवून त्यांनी हळूच विचारलं, "किसन हाय का रे इथं?"

मी खाटेला टेकूनच उभा होतो. श्वास धरून तसाच बाहेर निघून आलो.