कमलाची हाडांची पिशवी

बसवनगुडीच्या मुकुंदरावांची कमला डॉक्टरीला लागली आणि चार महिन्यांत पोरीचा पार भुगा झाला. सन अठ्ठावन्नची गोष्ट. सकाळी फाडायला प्रेत, दुपारी व्याख्यानं आणि पाठ करायला उशीएवढं जाड पुस्तक. एक नस ध्यानात राहिली की दुसरी निसटलीच म्हणून समजा. बाकीची पोरं कॉलेज सुटलं की वाचायला बसत. कमलाला कुठलं बसायला! मढ्याला शिवून आलेली म्हणून मागच्या दारानं आत, न्हाणीत डोक्यावरून पाणी, साडी भिजत घाल, केस वाळेपर्यंत स्वयंपाकघराकडे फिरकायचं नाही. रोज, हो, रोज! मग पुस्तक उघडलं की तिसऱ्या पानावर तिची मान पडायची.

हा नेम भागीरथीबाईंचा. मुकुंदरावांची ही थोरली विधवा बहीण. सारं घर त्यांना अक्का म्हणे. सोवळ्याच्या कडक, पण कमलाला शिकवायचं म्हणून भावाशी भांडल्या त्याच. मुकुंदराव कबूल झाले ते अट घालून, "पहिल्या परीक्षेत उडालीस तर कॉलेज बंद. धारवाडचं स्थळ काही जन्मभर थांबणार नाही."

परीक्षा हाडांची होती. हातात हाड देऊन विचारत, कुठलं, डावं की उजवं. वरच्या वर्गातल्या रत्नाबाईंनी आपल्या अभ्यासाची हाडं पिशवीत घालून कमलाला दिली. पण अक्कांना सांगायची छाती कुणाची? तिनं पिशवी न्हाणीमागच्या सरपणात दडवली. केस वाळवताना तिथंच बसून ती हाडं चाचपायची. अभ्यास काय तो तेवढाच.

परीक्षेला तीन दिवस उरले आणि सरपणात पिशवी नाही. कमलानं सगळं सरपण उपसलं. "अक्का, इथली पिशवी?"

अक्का रागावल्या असत्या तर बरं झालं असतं! त्यांनी तिला जवळ ओढलं. "अगं, कुणा आईचं लेकरू ते, लाकडांत पडलं होतं. गुरुराजभट श्रीरंगपट्टणला निघाले होते, त्यांच्याकडे दिलं. कावेरीत सोडतील. नाव-गोत्र ठाऊक नाही, म्हणून मी आज उपास धरलाय. भिऊ नको, तुझ्या अण्णाला काही बोलले नाही मी."

'अक्का, त्याच्यावर माझी परीक्षा होती हो,' हे शब्द ओठांपर्यंत आले आणि त्या उपाशी बाईचा सुकलेला चेहरा बघून परत गेले. दुसरी हाडं मागत कमला वर्गभर फिरली. पण परीक्षा सगळ्यांचीच, देणार कोण?

परीक्षकांनी तिच्या हातात हाड ठेवलं. तिनं उलटं धरलं, सुलटं धरलं.

"डावं," ती म्हणाली.

"नक्की?"

"उजवं."

त्यांनी हाड काढून घेतलं.

निकाल ऐकून मुकुंदराव ओरडले नाहीत. "का उडालीस, एवढं सांग. घरात कुणाची अडचण झाली का? झाली असेल तर बोल, आणखी एकदा बसवीन तुला."

"कसली अडचण रे मुकुंदा?" अक्का दारातून कळवळून म्हणाल्या. "तिला इकडची काडी तिकडे करू दिली नाही मी."

कमलानं एकदा अक्कांकडे पाहिलं. "पाठच होत नव्हतं, अण्णा," ती म्हणाली.

मुकुंदरावांनी धारवाडला पत्र लिहायला दौत मागितली. ती आणायला कमलाच आत गेली.