शटलमधल्या सिस्टरबाई

गाडीत चढण्याआधी सिस्टरबाई डब्याच्या कुशीवर दोन थापा मारायच्या. गोठ्यातल्या गाईला माराव्यात तशा. "चल गं बये," म्हणायच्या आणि मग दांडा धरून वर.

बाई मूळच्या साताऱ्याकडच्या. नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी होता, तो ऐन तारुण्यात गेला. त्यानंतर त्या नर्सिंग शिकल्या आणि सरकारी नोकरीत लागल्या. सानपाड्याला आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायच्या. आपट्याच्या पुढे एका लहानशा गावात त्यांचं आरोग्य उपकेंद्र होतं आणि तिथल्याच सकाळच्या शाळेत मी शिकवायचे. लोकल तेव्हा पनवेलपर्यंत आलेली नव्हती. आम्ही दोघी बसने पनवेल गाठायचो आणि तिथून पेणच्या बाजूला जाणारी शटल पकडायचो.

शटलचे डबे कधीकाळी लांबच्या मेलला लागलेले. म्हातारे झाल्यावर त्यांचे झोपायचे बर्थ काढले, बाकडी ठोकली, वरून रंगाचा हात फिरवला आणि त्यांना आमच्या तुरळक वर्दळीच्या मार्गावर धाडून दिलं. बर्थ गेले तरी वर चढायच्या लोखंडी शिड्या तशाच राहिल्या होत्या. नव्या माणसाला सिस्टरबाई त्या हौसेने दाखवायच्या. "वर जायची शिडी हाय, पर वर बसाय जागा न्हाय. आमच्या खात्यातली बढतीच म्हना की!"

एकदा मी वैतागून म्हणाले, "दुसऱ्यांनी वापरून टाकलेलं मोडीतलं सामान आपल्या माथी मारलंय."

बाईंना ते लागलं. "मोडीतलं कुटं? काम बदललंय तिचं. मी बी आदी घरात भाकऱ्या थापत हुते, आता सुया टोचते. मला बी मोडीत काढतीस व्हय, मास्तरीणबाई?"

त्यानंतर त्या गाडीला मी कधी नावं ठेवली नाहीत.

खरं तर त्यांच्या कामाचा अर्धा भार ती गाडीच उचलायची. दर गुरुवारी आजूबाजूच्या पाड्यांतल्या, वजन न वाढणाऱ्या बाळांच्या आयांना गोळा करून त्या दुपारच्या फेरीने पनवेलला डॉक्टरांकडे न्यायच्या. गावात एसटी दिवसातून एकदा यायची, तीही तिच्या मर्जीने. एखादी आई स्टेशनवर दिसली नाही तर बाई गार्डला हात दाखवून थांबवायच्या आणि बांधाकडे तोंड करून हाक मारायच्या. ती हाक शेवटच्या झोपडीपर्यंत पोचायची. धापा टाकत आलेल्या आईला आधी शिवी आणि मग पिशवीतला लाडू मिळायचा.

एका वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी बातमी आली की दुपारची फेरी बंद होणार. गाडी रिकामी धावते, असं वर कुणीतरी कळवलं होतं. पाहणीला एक साहेब यायचे होते. आमच्या हेडमास्तरांनी सुचवलं, त्या दिवशी सगळी शाळा गाडीत बसवू. सिस्टरबाई नको म्हणाल्या. "खोटी गर्दी दावली तर आपल्या खऱ्या मान्सांवर कोन इस्वास ठेवंल?"

साहेब आले ते नेमके गुरुवारी. भातकापणीचे दिवस, त्यामुळे भाजीवाल्यासुद्धा शेतात. डब्यात आम्ही दोघी, चार-पाच म्हातारी माणसं आणि बाळांना घेतलेल्या आया. साहेब भला माणूस होता. अवघडून म्हणाला, "सिस्टर, माणसं फारच कमी आहेत हो."

बाईंनी शेजारणीच्या मांडीवरचं बाळ उचललं आणि सरळ त्याच्या हातात दिलं. "हे धरा जरा. ह्यास्नी तिकीट लागत न्हाय, म्हनून तुमच्या मोजनीत ही येत न्हाईत. आज बघा किती हाईत ती."

बाळाने साहेबाचा चष्मा ओढला. साहेब हसला आणि बाळाला तसंच घेऊन डबाभर फिरला. नाव विचारत होता, आजार विचारत होता. पनवेलला उतरताना त्याने बाळ जपून आईच्या हातात परत दिलं.

फेरी बंद झाली नाही. साहेबाने काय लिहिलं ते आम्हाला कधीच कळलं नाही.

पुढे दोन वर्षांनी बाईंची वाशीला बदली झाली. घराजवळ आल्या म्हणून सगळ्यांनी अभिनंदन केलं. त्या मात्र आठवडाभर कुणाशी धड बोलल्या नाहीत. त्यांच्या शेवटच्या दिवशी दुपारच्या शटलला पाड्यांवरच्या बायका आल्या. गाडी सुटल्यावर त्यांनी खण, नारळ आणि पदरातले तांदूळ बाहेर काढले.

सिस्टरबाई एकदम मागे सरल्या. आमच्या सोसायटीत हळदीकुंकू असलं की त्या दिवशी त्यांची हमखास ड्यूटी निघायची. विधवेला कुणी बोलवायचं नाही आणि आपण अपेक्षा करायची नाही, हे त्यांनी स्वतःशी कधीच पक्कं केलं होतं. "मला नगं," त्या म्हणाल्या. "ह्या मास्तरणीची भरा वटी. माजी न्हाय भरत."

भाजीची रिकामी पाटी बाजूला सारून एक म्हातारी आगरीण उठली. "ए बाय, गप बस. गारीन कोन सवासीन न कोन नाय! सगल्या पाशिंजरच हाव. पदर पसर."

आयुष्यभर दुसऱ्यांवर ओरडलेल्या बाईंनी मुकाट्याने पदर पसरला. एकेकीने ओंजळभर तांदूळ घातले. बाईंनी मान वर केली नाही.

पनवेलहून सानपाड्यापर्यंत बसमध्ये ती ओटी त्यांनी मांडीवरच धरून ठेवली होती. मी हात पुढे केला तरी दिली नाही. बिल्डिंगच्या दारात थांबून त्यांनी पदराचं टोक सोडलं, तांदळांवरून एकदा बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "आज ह्येचाच भात टाकते. तू बी ये जेवाय. एकटीला जानार न्हाय."

मी गेले. आम्ही दोघी पोटभर जेवलो.